वाडीतला चित्रपट महोत्सव: वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की मंडळं, वाचनालयं, कॉलेजचे गट यांना विभागातल्या पोरांच्या फिल्मचा महोत्सव भरवायची हुक्की येते, आणि या सदराकडे त्याविषयीची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत बॅनर, ट्रॉफी आणि प्रमुख पाहुण्यांची चौकशी आहे. मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचवण्याबद्दल विचारणारं पत्र एकच आलं. महोत्सव पडतो तो बहुधा आवाजावरच, म्हणून त्या पत्राला जास्त जागा दिली आहे.

आमचं लालबागचं मंडळ चाळीच्या चौकात विभागातल्या मुलांनी केलेल्या वीसेक शॉर्टफिल्म दाखवणार आहे. प्रवेश फुकट आहे. तरी सेन्सॉर लागतं का?

लागतं. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ तिकीट आहे का ते पाहत नाही, जाहीर प्रदर्शन आहे का ते पाहतो. बोर्ड लावून चौकात कुणालाही बसू दिलंत की ते जाहीर प्रदर्शन झालं. फिल्म मोबाइलवर काढली आहे, दहा मिनिटांचीच आहे, यानं सुटका होत नाही. प्रमाणपत्राविना प्रदर्शन केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

यावर मार्ग दोन. पहिला म्हणजे प्रत्येक दिग्दर्शकानं ई-सिनेप्रमाण या पोर्टलवरून सेन्सॉर बोर्डाकडे अर्ज करून प्रमाणपत्र घेणं. २०२३च्या दुरुस्तीनंतर हे प्रमाणपत्र कायमचं असतं, पूर्वीसारखी दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही. यूए, म्हणजे पालकांच्या सल्ल्यानं मुलांनी पाहायच्या, गटाचेही आता ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत. फिल्ममध्ये कुत्रं, बैल, कोंबडी यांच्याकडून काम करून घेतलं असेल, तर प्राणी कल्याण मंडळाचं पत्रही मागितलं जातं. चाळीत काढलेल्या फिल्ममध्ये कुत्रं हमखास असतं, तेव्हा हे आधीच विचारून घ्या.

दुसरा मार्ग महोत्सवांसाठीचा. कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार प्रमाणपत्रातून सूट देऊ शकतं. त्यासाठी आयोजकानं माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे फिल्मची पूर्ण यादी, प्रत्येकीचा सारांश आणि निवड समितीची माहिती देऊन अर्ज करायचा असतो. अट अशी की प्रदर्शन व्यावसायिक नको आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असावेत. म्हणजे गेटवर नोंदणीचं टेबल आणि गळ्यात ओळखपत्रं आलीच. यादी ठरल्यावर नवी फिल्म घुसडता येत नाही. अर्ज किमान महिनाभर आधी करा. ‘बघू, कोण विचारतंय’ हे धोरण सत्कारापुरतं ठेवा.

दोनशे खुर्च्यांसाठी पडदा, प्रोजेक्टर आणि आवाज यांचं गणित कसं बसवायचं? गेल्या वर्षी चित्र फिकट होतं आणि मागच्या रांगांना संवाद कळत नव्हते.

आधी जागा मोजा. प्लॅस्टिकच्या खुर्चीला २ फूट रुंदी आणि दोन रांगांत ३ फूट धरा. चौक ३० फूट रुंद असेल तर मध्ये ४ फुटांची वाट सोडून दोन्हीकडे सहा-सहा खुर्च्या बसतात. बारांच्या सतरा रांगा झाल्या. पहिली रांग पडद्यापासून १८ फुटांवर ठेवली की शेवटची साधारण ६६ फुटांवर जाते. शेवटच्या रांगेला सबटायटल वाचता यायला हवी असतील तर हे अंतर पडद्याच्या रुंदीच्या साधारण चौपटीपुढे जाऊ देऊ नये. म्हणून पडदा १६ बाय ९ फूट.

पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फूट वर हवी. मंडपवाला ती सवयीनं अडीच-तीन फुटांवर बांधतो, आणि मग सबटायटलच्या ओळी पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. पडदा मॅट पांढरा आणि मागून काळा असावा. चकचकीत फ्लेक्सवर प्रोजेक्टरचा गोळा चमकतो, पातळ कापडातून उजेड आरपार जातो. १४४ चौरस फुटांचा पडदा वारा धरतो, त्यामुळे फ्रेमला मागून दोन्ही बाजूंनी दोर हवेत आणि पडदा फ्रेमला सुतळीनं न बांधता रबरी लूपनं अडकवावा. झोत आला की लूप ताणतात, फ्रेम हलत नाही.

उजेडाचा हिशोब असा. १४४ चौरस फुटांना दर चौरस फुटामागे १६ ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) धरले तर पूर्ण अंधारात सुमारे २,३०० ल्युमेन पुरतात. पण माहितीपत्रकावरचा आकडा सर्वांत भगभगीत मोडचा असतो. रंग नीट दिसणाऱ्या मोडमध्ये तो बराच खाली येतो, त्यात गॅलरीतल्या ट्यूबलाइटा. म्हणून भाड्यानं घेताना ७,००० ल्युमेनचा मागा. गेल्या वर्षी फिकट चित्र दिसलं त्याचं कारण बहुधा ऑफिसच्या मीटिंगसाठीचा तीन हजारी प्रोजेक्टर.

लेन्सचा थ्रो रेशो, म्हणजे प्रोजेक्टरचं अंतर पडद्याच्या रुंदीच्या किती पट लागतं ते, विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. तो १.५ असेल तर १६ फुटी पडद्यासाठी प्रोजेक्टर २४ फुटांवर येतो, म्हणजे तिसऱ्या रांगेत. तिथे मधल्या वाटेत साडेसहा-सात फुटांचा पक्का मचाण हवा, आणि त्याच्या पुढची वाट दोरी लावून बंद, नाहीतर पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण पडद्यावर सावली टाकून जातो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून टाकायचं असेल तर लांब पल्ल्याची, म्हणजे ४ च्या आसपासची लेन्स लागते. तिरपं चित्र प्रोजेक्टरच्या कीस्टोन सेटिंगनं सरळ केलं की अक्षरं पुसट होतात. त्यापेक्षा प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यरेषेवर ठेवा आणि उंचीचा फरक लेन्स शिफ्टनं, म्हणजे लेन्स वर-खाली सरकवून, काढा.

आता आवाज. साउंडवाला डीजेची सवय असलेला असेल तर तो आपणहून दोन मोठे बेस आणेल. ते टेम्पोतून उतरवूच नका. तिन्ही बाजूंनी इमारत असलेल्या चौकात खालचे सूर घुमतात आणि संवाद त्यात बुडतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना १२ इंची पॉवर्ड स्पीकर, ७ फुटांवर, तोंड प्रेक्षकांकडे किंचित खाली झुकवलेलं. मिक्सरवर १०० हर्ट्झखालचं सगळं कापा. मागच्या रांगांसाठी पुढचा आवाज वाढवू नका. पुढच्यांचे कान फाटतात आणि मागे नुसता गोंगाट पोचतो. पडद्याच्या ओळीपासून ३३ फुटांवर दोन लहान स्पीकर लावा आणि त्यांना ३० मिलिसेकंद उशीर द्या. आवाजाला ३३ फूट कापायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे पुढचा आणि मधला आवाज एकत्र कानावर पडतात. हा उशीर न देता मधले स्पीकर लावले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि दोष दिग्दर्शकाच्या माथी बसतो.

ब्लूटूथ स्पीकर नको. त्यात आवाज दहावा-पाचवा हिस्सा सेकंद मागे पडतो आणि ओठ आधी हलतात. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर गुंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (ही गुणगुण तोडणारी लहान पेटी) टाका. साधी एचडीएमआय केबल १० मीटरपुढे भरवशाची नाही. लांब जायचं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या.

लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर तीपेक्षा १०, तर खासगी आवारात ५ डेसिबल जास्त चालतात, म्हणजे अनुक्रमे ६५ आणि ६०. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. जवळ रुग्णालय किंवा शाळा असेल तर शांतता क्षेत्र घोषित आहे का, ते त्याच ठाण्यात विचारा. जागा पालिकेची असेल तर वॉर्ड ऑफिसचा अर्ज वेगळा.

वीस फिल्म एका संध्याकाळी बसतील का?

नाही. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य साधारण सहा-वीसला मावळतो, पडद्यावर चित्र उठायला पावणेसात-सात होतात, आणि दहाच्या आत आवरायचं म्हणजे शेवटची फिल्म पावणेदहाला संपायला हवी. हातात पावणेतीन तास उरले. पंचाहत्तर मिनिटांचे दोन भाग करा आणि मध्ये पंधरा मिनिटं चहा. प्रत्येक भागात फिल्मची ५५ मिनिटं, बाकीची वीस दिग्दर्शकांशी गप्पा आणि फिल्म बदलण्यात जातात. एकूण ११० मिनिटं, सरासरी १२ मिनिटांच्या नऊ फिल्म. वीस फिल्म हव्याच असतील तर दोन संध्याकाळी घ्या आणि दोन फिल्म गाळा.

अर्जात लांबी श्रेयनामावलीसकट विचारा. ‘आठ मिनिटांची’ फिल्म श्रेयनामं धरून अकरा मिनिटांची निघते आणि अशा चार निघाल्या की चहा गेला. क्रम लावताना आजूबाजूच्या आवाजांचं वेळापत्रकही समोर ठेवा. शेजारच्या देवळात साडेसातला आरती होत असेल तर कुजबुजत्या संवादांची फिल्म तिथे नको, तिथे संगीतावर चालणारी टाका. पुढची पोरं नऊनंतर झोपतात किंवा दंगा करतात, म्हणून त्यांनी काम केलेल्या फिल्म पहिल्या भागात. दोन मृत्यू पाठोपाठ नकोत.

उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार यांना किती वेळ ठेवावा?

दहा मिनिटं, तीही उजेड असताना, साडेसहाच्या आत. नमनाला घडाभर तेल घातलंत की शेवटच्या दोन फिल्म दहाच्या पलीकडे जातात. त्या कापल्या गेल्या तर त्यांचे दिग्दर्शक पुढच्या वर्षी तुमच्याकडे फिरकणार नाहीत, पाहुणे मात्र येतील.

फिल्म वेगवेगळ्या स्वरूपात येतात. कुणाचा आवाज पुढे-मागे होतो, कुणाची मराठी अक्षरं तुटतात. आयोजकांनी काय मागावं?

प्रवेशिकेतच एक स्वरूप ठरवून द्या: एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमचा स्थिर वेग, १५ ते २० एमबीपीएस, आवाज ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ एएसी, सबटायटल चित्रातच छापलेली, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन सेकंद काळं. महोत्सवाच्या दहा दिवस आधी फाइल हातात हवी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल घेऊ नका, ती दाबून लहान झालेली असते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ड्राइव्हची लिंक किंवा पेनड्राइव्ह.

आवाज पुढे-मागे होण्याचे प्रकार दोन, आणि ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर आवाजाची पट्टी सरकली आहे, एडिटर पाच मिनिटांत दुरुस्त करतो. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी बिघडलेला असेल तर वेगाचा घोळ आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग बदलत राहतो, एडिटिंगचं सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालतं, आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू निसटतो. मोबाइलचं चित्रीकरण एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाचं करून घ्यायचं असतं. दुसरं कारण २३.९७६ आणि २४ यांची गल्लत. फरक हजारात एकाचा, पण पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये शेवटी तो जवळजवळ एक सेकंद होतो. हे आयोजकानं स्वतः दुरुस्त करत बसू नये, फाइल परत पाठवावी. म्हणूनच तपासताना पहिलं मिनिट पाहून पुढे जाऊ नका. शेवटचा बोलका प्रसंग पाहा, बिघाड तिथेच दिसतो.

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळं. सबटायटलची वेगळी फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवलेली नसेल तर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. ती असूनही प्लेअरला देवनागरी जुळवणी येत नसेल तर ‘क्षितिज’मधली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षराचा पाय मोडून खाली लटकतो. म्हणून चित्रातच छापा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं, आणि एक सेकंदापेक्षा कमी काहीही नको. मालवणी, अहिराणी, भोजपुरी संवाद असतील तर सबटायटल लागतातच. ‘आपल्या लोकांना कळतं’ हे निम्म्या चौकाबाबत खरं नसतं.

राहिला आवाजाच्या पातळीचा फरक. यूट्यूबसाठी मिक्स केलेली फिल्म उणे १४ लफ्सच्या (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक) आसपास असते, टीव्हीच्या पद्धतीनं केलेली उणे २३-२४. एका पाठोपाठ लागल्या की आधी लोक कान टवकारतात, मग दचकतात. सगळ्या फाइल मोजून उणे २० च्या जवळ आणा. मोठ्या आवाजाच्या खाली उतरवा, लहानांच्या वाढवताना शिखरं उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

प्रक्षेपणाच्या लॅपटॉपवर डिस्प्ले ‘एक्स्टेंड’ ठेवा, म्हणजे माउसचा बाण पडद्यावर फिरत नाही. व्हीएलसीमध्ये सुरुवातीला फाइलचं नाव झळकवण्याची सोय बंद करा, नाहीतर गंभीर फिल्मच्या पहिल्या दृश्यावर ‘फायनल_फायनल_३_नवीन’ उमटतं. वायफाय बंद, झोपी जाण्याची सेटिंग बंद, चार्जर लावलेला.

माझी २० मिनिटांची फिल्म २५ फ्रेमवर आहे. थिएटरमधल्या महोत्सवानं डीसीपी (थिएटरच्या सर्व्हरवर चालणारं फिल्मचं डिजिटल पॅकेज) मागितलं आहे. घरी होईल का?

होईल. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. २के मध्ये चित्राचे आकार दोन: फ्लॅट १९९८ बाय १०८० आणि स्कोप २०४८ बाय ८५८. तुमचं १९२० बाय १०८० चित्र फ्लॅटमध्ये दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या घेऊन बसतं, ते ताणून भरू नका. डीसीपीचं जुनं इंटरऑप स्वरूप २५ फ्रेम घेत नाही, नवं एसएमपीटीई घेतं. कुठल्याही थिएटरात चालावं असं वाटत असेल तर २४ करा. फिल्म चार टक्के लांबते, म्हणजे २० मिनिटांची २० मिनिटं ५० सेकंद होते, आणि पट्टी न सांभाळल्यास आवाज किंचित जाड होतो. संवाद मधल्या चॅनलवर घ्या. स्टिरिओ तसाच ठेवला तर थिएटरात कडेला बसलेल्यांना बोलणं भिंतीतून आल्यासारखं वाटतं. एन्क्रिप्शन नको. त्याची किल्ली सर्व्हर आणि तारखेला बांधलेली असते, आणि वेळापत्रक सरकलं की फिल्म उघडत नाही. हार्डडिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट असेल तर बरेच सर्व्हर ती वाचत नाहीत. ईएक्सटी३ सर्वांत सुरक्षित. मराठी सबटायटल इथेही चित्रातच. थिएटरचा सर्व्हर वेगळ्या फाइलमधली देवनागरी कशी दाखवील याचा भरवसा नाही.

फिल्ममध्ये चहाच्या टपरीवर रेडिओवर जुनं गाणं ऐकू येतं. दहा सेकंदच आहे. चालेल ना?

‘दहा सेकंद चालतं’ असा नियम कायद्यात नाही. हक्कही दोन प्रकारचे: ध्वनिमुद्रणाचा, आणि त्यामागच्या शब्द-चालीचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९६०चं मुद्रण १ जानेवारी २०२१ पासून मोकळं. पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आयोजकानं कार्यक्रमासाठी आयपीआरएस किंवा पीपीएल या संगीत-हक्कांच्या संस्थांचा परवाना काढला तरी गाणं फिल्ममध्ये वापरण्याची परवानगी त्यात येत नाही. टपरीच्या प्रसंगातलं गाणं काढून क्रिकेटचं समालोचन घालावं असं सुचेल, पण प्रक्षेपणाचेही हक्क असतात. मित्राकडून बातम्या वाचून घ्या आणि त्या रेडिओसारख्या चिरक्या करा.

आधी वाडीतल्या महोत्सवात दाखवली तर मोठे महोत्सव घेणार नाहीत का?

प्रत्येकाची प्रीमियरची अट वेगळी असते, नियमावलीत तेवढं एक कलम आधी वाचा. विभागातल्या एका खेळापेक्षा फिल्म यूट्यूबवर टाकल्यानं दारं जास्त बंद होतात, तेव्हा ते शेवटी. आयोजकाकडून एका पानाचं पत्र घ्या: एकच खेळ, चित्रीकरण नाही, ऑनलाइन नाही, फाइल नंतर पुसणार. मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो आणि माहितीपट, लघुपट, अॅनिमेशन एवढंच घेतो. राष्ट्रीय पुरस्काराला मात्र त्या वर्षातलं सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, महोत्सवातली सूट तिथे उपयोगाची नाही.

उघड्यावर नको, नाट्यगृह घेतलं तर?

विलेपार्ल्याचं दीनानाथ किंवा बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही नाटकासाठी बांधलेली गृहं आहेत. शनिवार-रविवार नाटकांकडे जातात, तुम्ही आठवड्याच्या मधला दिवस धरा. पडदा आणि प्रोजेक्टर आणायचा हे गृहीत धरा आणि पडदा रंगमंचाच्या पुढच्या कडेला टांगा, मागच्या सायकवर (रंगमंचाच्या मागच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यावर) नको. दहाची मर्यादा बंद सभागृहाला लागू नाही, हा मोठा फायदा. कमी माणसांत चालणार असेल तर फिल्म सोसायट्यांची कार्यपद्धती पाहून या. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मुंबईत खेळ आणि त्यानंतरची चर्चा चालवत आलं आहे. चर्चेत प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माइक कसा द्यायचा, आणि तो परत कसा घ्यायचा, हे तिथे शिकण्यासारखं.

मध्येच वीज गेली तर?

तात्पुरतं कनेक्शन मंडपवाल्यावर न सोडता स्वतः अर्ज करून घ्या: शहर भागात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि साउंड एकाच फेजवर, हॅलोजन आणि चहाची शेगडी दुसऱ्या फेजवर. शेगडी सुरू होताच ट्रिप होणं हे वीज जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. ५ केव्हीएचा आवाज न करणारा जनरेटर पुरतो, पण तो सुरू होईपर्यंत दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडू देऊ नका. गरम दिवा पंख्याविना राहिला तर फुटतो, आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्या प्रोजेक्टरला यूपीएस हवाच, वॅटचा आकडा मागच्या पट्टीवर वाचून त्याच्या दीडपट क्षमतेचा. दुसऱ्या लॅपटॉपवर त्याच फाइल त्याच क्रमानं चालू ठेवा आणि दोन्ही एका एचडीएमआय स्विचरला जोडा. फिल्म कुठल्या मिनिटाला थांबली ते कागदावर लिहा, आणि वीज आल्यावर तीस सेकंद मागून सुरू करा.